रायटर म्हणून बसताय? मग आधी एवढं करा

परीक्षा तोंडावर आली की कॉलेजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एकाच प्रकारचा निरोप फिरायला लागतो: 'अंध विद्यार्थ्यासाठी रायटर हवा आहे, परवा सकाळी ११ चा पेपर, कृपया लगेच संपर्क करावा.' कागदोपत्री शब्द आहे लेखनिक, पण बोलताना सगळे रायटरच म्हणतात. निरोप वाचून दोन-तीन जण होकार देतात, त्यातला एक जातो, आणि पेपर कसाबसा पार पडतो. सहा महिने ऐकून, टाचणं काढून, पाठ करून केलेला अभ्यास आयत्या वेळी भेटलेल्या माणसाच्या हातून कागदावर उतरतो. त्या माणसाचं मन चांगलं असतं, यात शंका नाही. पण उत्तरपत्रिकेत मन दिसत नाही, अक्षर दिसतं.

हे काम शिकावं लागतं आणि ते शिकता येतं. राष्ट्रीय सेवा योजनेतून, कमवा व शिका योजनेतून किंवा नुसतं आपणहून ज्यांना कॉलेजातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी काम करायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. जास्त भर अंध आणि अंशतः अंध विद्यार्थ्यांच्या कामावर आहे, कारण आपल्याकडे माणसं कमी पडतात ती तिथे.

आधी कागद

पहिला कागद दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत आणि सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. परीक्षेचे तपशील मात्र केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने २९ ऑगस्ट २०१८ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सापडतात. विद्यापीठांची परिपत्रकं बहुतेक त्यावरच बेतलेली असतात. पुढे त्यात भर पडत गेली आणि प्रत्येक परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं परिपत्रक वेगळं असतं, म्हणून ज्या परीक्षेला बसायचं तिचं त्या वर्षीचं परिपत्रक हातात घेऊनच पुढे जा.

२०१८ च्या सूचनांमधल्या या गोष्टी रायटरला तोंडपाठ हव्यात. परीक्षेच्या दर तासामागे किमान २० मिनिटं जादा वेळ. म्हणजे तीन तासांच्या पेपरला ६० मिनिटं, अडीच तासांच्या पेपरला ५०, दोन तासांच्या पेपरला ४०. विद्यार्थी रायटर स्वतः आणू शकतो किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे मागू शकतो. स्वतः आणला तर त्याची शैक्षणिक पात्रता विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी खाली हवी. संस्थेने दिला तर त्याची पात्रता परीक्षेला लागणाऱ्या किमान पात्रतेपेक्षा जास्त नको, पण निदान दहावी झालेला हवा. संस्थेने दिलेल्या रायटरला विद्यार्थी परीक्षेच्या दोन दिवस आधी भेटू शकला पाहिजे, हेही लिहिलेलं आहे. वेगवेगळ्या पेपरांना वेगवेगळे रायटर चालतात, मात्र एका विषयाला एकच. भाषेच्या पेपरांसाठी ही सोय फार मोलाची आहे. आणीबाणीत रायटर बदलताही येतो.

'एक पायरी खाली' याचा अर्थ परीक्षा विभाग आपापल्या परीने लावतात. कुठे तृतीय वर्षाला द्वितीय वर्षाचा मुलगा चालतो, कुठे दुसऱ्या शाखेचाच लागतो. आणि रायटरांचा खरा तुटवडा इथूनच सुरू होतो. एक वर्ग खालचा मुलगा त्याच विद्यापीठाचा असला तर त्याचेही पेपर त्याच पंधरवड्यात असतात. नाव पक्कं करण्याआधी दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून तारखा आणि सत्रं जुळवा. सकाळचा स्वतःचा पेपर देऊन दुपारी दुसऱ्याचा चार तास लिहायचा, हे कागदावर जमतं, हाताला जमत नाही. वेगळ्या विद्यापीठाचे, डी.एड.चे, अकरावी-बारावीचे विद्यार्थी म्हणूनच जास्त उपयोगी पडतात.

रायटरच्या अर्जाला साधारण हे लागतं: विद्यार्थ्याचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), त्याचं परीक्षेचं प्रवेशपत्र, रायटरचा फोटो, रायटरचं ओळखपत्र, शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका आणि दोघांच्या सहीचं हमीपत्र. मंजुरीचं पत्र पेपरच्या दिवशी नाही, चार-पाच दिवस आधी हातात पाहिजे. त्याच्या तीन प्रती काढा: एक केंद्रप्रमुखांना, एक पर्यवेक्षकांना, एक आपल्याकडे. पर्यवेक्षक बदलला आणि पत्र ऑफिसात राहिलं, की जादा वेळेचा वाद पेपर चालू असताना सुरू होतो. त्यात गेलेली मिनिटं सहसा परत मिळत नाहीत.

रायटर फक्त अंधांनाच मिळतो हा गैरसमजही काढून टाका. दोन्ही हातांना बाधा असलेले, सेरेब्रल पाल्सी असलेले विद्यार्थी मागतील तर त्यांना ही सोय द्यायची आहे. इतरांना लिहिण्यात अडचण असल्याचं सरकारी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला निकाल दिला. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला, त्याचं दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या कायदेशीर मापात बसत नसलं तरी, रायटर नाकारता येणार नाही, असं त्यात स्पष्ट झालं. ऑफिसात 'तुम्हाला तर दिसतं की' असं कुणी म्हणालं तर हा निकाल सांगावा.

सराव: निदान दोन बैठका

पहिल्या बैठकीत विद्यार्थ्याने सांगायचं आणि तुम्ही लिहायचं. दहा मिनिटांचं घड्याळ लावा, मग शब्द मोजा. वाचता येईल अशा मराठी अक्षरात मिनिटाला १५ शब्द निघाले तरी चांगलं. आता हिशेब करा. तीन तासांचा ७० गुणांचा पेपर, जादा वेळ धरून २४० मिनिटं. प्रश्नपत्रिका वाचायला १५ आणि शेवटी परत वाचून दाखवायला १५ मिनिटं बाजूला काढली की २१० उरतात. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं, दहा गुणांच्या उत्तराला ३०. तीनशे शब्दांचं उत्तर लिहायला तुम्हाला २० मिनिटं लागतात. विद्यार्थ्याला आठवायला, वाक्य जुळवायला आणि मधे 'मागचं वाच' म्हणायला दहा मिनिटं राहिली. हा हिशेब दोघांनी मिळून केला की उत्तर किती लांब सांगायचं ते विद्यार्थ्याला आधीच ठरवता येतं. वेग कमी पडत असेल तर उपाय उत्तर आटोपशीर करण्याचा आहे. अक्षर बिघडवण्याचा नाही.

बोलण्याचा वेग लिहिण्याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे विद्यार्थ्याने एका वेळी पाच-सहा शब्दांचा तुकडा सांगायचा आणि रायटरने लिहून झाल्यावर शेवटचा शब्द हलक्या आवाजात म्हणायचा. 'पुढे', 'हं', 'झालं' यापेक्षा शेवटचा शब्द म्हणणं केव्हाही चांगलं, कारण त्याने दोन कामं होतात: लिहून झाल्याचं कळतं आणि विद्यार्थ्याला वाक्याचा धागा परत मिळतो. दृष्टी असलेला माणूस लिहिताना सतत मागची ओळ बघत असतो, हे आपल्या लक्षातही येत नाही. तो आधार रायटरच्या आवाजातून द्यायचा असतो.

खुणा ठरवून घ्या. 'नवा परिच्छेद', 'मथळा, अधोरेखित', 'अवतरण सुरू', 'अवतरण बंद', 'कंस सुरू', 'कंस बंद', 'खोड'. गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्रात हे न ठरवता गेलात तर गुण जातात. 'अ अधिक ब भागिले क' असं कुणी सांगितलं तर त्याचे दोन अर्थ होतात: अ आणि ब यांची बेरीज करून तिला क ने भागायचं, की फक्त ब ला? कागदावर आडवी रेघ कुठून कुठपर्यंत ओढायची ते रायटरने मनाने ठरवायचं नसतं. विद्यार्थ्याने म्हणायचं: 'कंस सुरू, अ अधिक ब, कंस बंद, भागिले क.' सरावात हे दहा-बारा वेळा झालं की परीक्षेत जीभ आपोआप तसं बोलते.

दुसऱ्या बैठकीआधी विद्यार्थ्याने विषयातल्या ४०-५० पारिभाषिक शब्दांची आणि नावांची यादी द्यावी आणि रायटरने ती लिहून काढावी. विज्ञान शाखेच्या मुलीने अर्थशास्त्रातला 'घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत' कधी ऐकलेला नसतो. तो 'श्रीमंत उपयोगिता' असा कानावर पडू शकतो आणि उत्तरपत्रिकेत तसा उतरूही शकतो. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या रायटरला मराठी पेपर देत असाल तर ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं आधी तपासून घ्या. उलट, मराठी माध्यमाचा रायटर इंग्रजी पेपरला बसत असेल तर लेखकांच्या आणि पात्रांच्या नावांची स्पेलिंगं यादीत हवीतच.

पेपरच्या चार तासांत

अर्धा तास आधी पोहोचा. खोली तळमजल्यावर आणि वेगळी आहे ना ते बघा. एकाच खोलीत दोन-तीन दिव्यांग विद्यार्थ्यांना बसवलं की एकाचं सांगणं दुसऱ्याच्या कानावर पडतं, तिघांची एकाग्रता मोडते आणि कॉपीचा संशय येतो तो निराळाच. बाकं शक्य तेवढी लांब मागा, भिंतीकडे तोंड करून बसा.

उत्तरपत्रिकेचं पहिलं पान रायटर भरतो. बैठक क्रमांक भरताना एकेक अंक मोठ्याने म्हणा, बारकोडचं किंवा होलोग्रामचं स्टिकर चिकटवण्याआधी पर्यवेक्षकांना दाखवा. सही विद्यार्थ्याची. तो सही करत असेल तर त्याचं बोट रेघेच्या सुरुवातीला टेकवून द्या किंवा पट्टी रेघेखाली धरा. अंगठा उमटवत असेल तर शाईचं पॅड आधीच मागून ठेवा.

प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचायची, सूचनांसकट. 'प्रश्न ३, खालीलपैकी कोणतेही दोन, प्रत्येकी ८ गुण. अ...' असं. नवखे रायटर 'कोणतेही दोन' गाळतात, किंवा मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत छापलेल्या प्रश्नाची फक्त एकच बाजू वाचतात. भाषांतर बिघडलेलं असतं तेव्हा दुसरी बाजू ऐकल्यावरच प्रश्न कळतो, म्हणून विचारून दोन्ही वाचा. दुसऱ्या फेरीत विद्यार्थी जो प्रश्न सांगेल तो वाचायचा. आवाजात चढउतार नको. पर्याय वाचताना एखाद्या पर्यायावर जोर दिला तर ते उत्तर सांगितल्यासारखं होतं, हेतू तसा नसला तरी.

सगळ्यांत अवघड भाग हा आहे: जे सांगितलं ते लिहायचं. चुकीचं सांगितलं तरी तेच लिहायचं. सन चुकला, व्याख्या अर्धवट राहिली, क्रम उलटा झाला, तरी हात थांबवायचा नाही, 'नक्की?' म्हणायचं नाही, खाकरायचं नाही. मदत म्हणून एखादी दुरुस्ती केली तर प्रकरण परीक्षेतल्या गैरप्रकाराचं होतं आणि विद्यार्थ्याचा निकाल अडकतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की ते गुण त्याचे राहत नाहीत. आकृतीचंही तसंच. मागणी वक्र काढायचा असेल तर विद्यार्थ्याने सांगायचं: 'क्ष अक्षावर मागणी, य अक्षावर किंमत, डावीकडून उजवीकडे खाली येणारी रेघ, तिला म म नाव.' अर्थशास्त्र येणारा रायटर हे सांगायच्या आधीच काढून मोकळा होतो. म्हणूनच विषय न येणारा रायटर बरा, आणि नियमांचा रोखही तोच आहे.

दिसण्यावर अवलंबून असलेल्या प्रश्नाऐवजी पर्यायी प्रश्न द्यावा, असं २०१८ च्या सूचनांत आहे. नकाशा भरा, आलेख वाचा, चित्र ओळखा, असले प्रश्न त्यात येतात. पण प्रश्नपत्रिकांचं पाकीट उघडल्यावर पर्यायी प्रश्न कुणी काढू शकत नाही. महिनाभर आधी परीक्षा विभागाला अर्ज द्यावा लागतो आणि रायटर असलेल्या मित्राने त्याची आठवण करून दिली तर ती मदत लिहिण्याइतकीच मोठी.

वेळ किती वेळाने सांगायची ते आधी ठरवा. कुणाला दर अर्ध्या तासाने लागते, कुणाला विचारल्याशिवाय सांगितलेली आवडत नाही. चार तासांत हात भरून येतो, म्हणून जाड पकडीची, हलकी चालणारी पेनं चार ठेवा आणि शक्य असेल तर उतरत्या फळीचं लेखनपॅड. फोन घरी.

परीक्षेआधीचं काम जास्त महत्त्वाचं

रायटर चांगला मिळाला आणि वर्षभर पुस्तकच वाचायला मिळालं नसेल तर तो लिहिणार काय? माझं ठाम मत आहे की स्वयंसेवकांचे दहा तास हातात असतील तर त्यातले सात पुस्तकं तयार करण्यावर घालावेत. इंग्रजी पुस्तकं बरीच मिळतात. २४ ऑगस्ट २०१६ ला सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातलं झेवियर्स रिसोर्स सेंटर फॉर द व्हिज्युअली चॅलेंज्ड हे या कामातलं जुनं केंद्र आहे. पण मराठी माध्यमाच्या द्वितीय वर्षाच्या समाजशास्त्राचं स्थानिक प्रकाशनाचं पुस्तक कुठे मिळणार? ते तुम्हालाच तयार करावं लागतं.

कायद्याची भीती बाळगू नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं यासाठी पुस्तकाची सुलभ प्रत करण्याची मुभा दिली आहे, शिक्षणासाठी धरून. दृष्टिबाधितांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार २०१४ मध्ये सर्वांत आधी भारताने मंजूर केला. अट एवढीच की ती प्रत दिव्यांग विद्यार्थ्यांपुरतीच राहिली पाहिजे. वर्गाच्या ग्रुपवर टाकली की तुम्ही त्या मुभेबाहेर गेलात.

पद्धत अशी. पुस्तक ३०० डीपीआयला स्कॅन करा. फोनने काढत असाल तर स्कॅनरचं अ‍ॅप वापरा, पान सपाट दाबा, शिवणीजवळची अक्षरं वाकू देऊ नका. कारण अक्षर ओळखणारं ओसीआर तिथेच सर्वांत जास्त चुकतं. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे फोटोच, पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यात एकही अक्षर सापडत नाही. ती गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर मिळतो, टेसरॅक्ट या मोफत सॉफ्टवेअरलाही मराठी येतं. दहा-दहा पानांचे तुकडे करून द्या. लांब फाइल दिली तर पुढची पानं गळू शकतात आणि ते पटकन लक्षात येत नाही.

आता खरं काम: शुद्धीकरण. ओसीआरमधून आलेली एक ओळ बघा:

'धटत्या सीमात उपयोगितेचा सिद्धांत मार्शल यानी १७ / अर्थशास्त्र मांडला.'

घ चा ध झाला. सीमांत आणि यांनी या शब्दांवरचा अनुस्वार उडाला. पानाच्या तळाचा क्रमांक आणि पुस्तकाचं नाव वाक्याच्या मधे घुसलं. डोळ्यांनी वाचणारा हे सगळं मनात दुरुस्त करत पुढे जातो. कानांनी वाचणाऱ्याला 'सीमात' हा वेगळाच शब्द ऐकू येतो आणि मधे 'सतरा तिरकी रेघ अर्थशास्त्र' आल्यावर तो वाक्य परत सुरुवातीपासून ऐकतो. अशा चुका असलेलं तीनशे पानांचं पुस्तक ऐकणं म्हणजे काय असतं ते ऐकल्याशिवाय कळत नाही.

ठरलेल्या जागा तपासा: घ-ध, भ-म, थ-य, ब-व, अनुस्वार, रफार, १ आणि ९, शून्य. सनावळी मूळ पुस्तकाशी ताडून पाहा, कारण १८५७ चं ९८५७ झालेलं व्याकरण तपासणीत सापडत नाही. 'सगळं एकदम बदला' हे बटण वापरण्याचा मोह फार होतो. पण 'धट' च्या जागी 'घट' करायला जाल तर 'उद्धट' चा 'उद्घट' होतो. शोधा, बघा, मग बदला.

मथळ्यांना वर्डमधली मथळ्याची शैली द्या. अक्षर नुसतं जाड आणि मोठं करून मथळा होत नाही. शैली दिलेली असेल तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरणारा विद्यार्थी ब्राउझ मोडमध्ये एच हे बटण दाबत मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारतो आणि चारशे पानांतून हवं ते प्रकरण सहज गाठतो. नसेल तर त्याला पहिल्या ओळीपासून खाली यावं लागतं. मूळ पुस्तकाचा पान क्रमांक 'पान ४२' असा स्वतंत्र ओळीत ठेवा, कारण शिक्षक वर्गात 'पान ४२ काढा' असंच म्हणतात आणि संदर्भ देतानाही तो लागतो. तक्ता खराखुरा तक्ता म्हणून घाला, त्याचा फोटो चिकटवू नका. आकृतीखाली दोन-तीन वाक्यांत वर्णन लिहा: आधी आकृती कशासाठी आहे, मग त्यात काय दिसतं. 'बाजूच्या आकृतीत दाखवल्याप्रमाणे' एवढं सोडून द्याल तर तो परिच्छेद कुणालाच कळणार नाही.

फॉन्टचा प्रश्न मराठीत खास त्रास देतो. शिक्षकांच्या जुन्या नोट्स श्रीलिपीत किंवा कृतीदेवमध्ये असतात. पडद्यावर सुंदर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, त्यामुळे स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची निरर्थक माळ वाचतो. त्या नोट्स युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या. बदलणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी हमखास घसरतात, म्हणून तेही तपासायचंच. शिक्षकांना एकदा युनिकोड कळफलक बसवून दिलात तर पुढची कितीतरी वर्षं हे काम वाचेल.

वेळेचा अंदाज: नवख्या माणसाला शुद्धीकरणाला पानामागे १२ ते १५ मिनिटं लागतात. दोनशे पानांचं पुस्तक म्हणजे ४० ते ५० तास. एकट्याने घेतलं तर ते सत्र संपल्यावर तयार होतं. आठ जणांनी २५-२५ पानं घेतली तर प्रत्येकाचे पाच-सहा तास. दोन आठवड्यांत पुस्तक विद्यार्थ्याच्या हातात. वाटणी करताना एकाने सगळ्यांसाठी नियम लिहून द्यावेत: फॉन्ट, मथळ्याची पातळी, पान क्रमांकाची पद्धत, फाइलचं नाव. आणि प्रत्येकाने आपल्या संगणकावर एनव्हीडीए बसवून घ्यावं. ते मोफत आहे आणि त्यात मराठी आवाज आहे. आपण तयार केलेलं निदान एक पान पडदा बंद करून ऐकायचं. या एका गोष्टीने कामाचा दर्जा जेवढा सुधारतो तेवढा दहा सूचनांनी सुधारत नाही.

परीक्षा जवळ आलेली असेल आणि टंकलेखनाला वेळ नसेल तर वाचून रेकॉर्ड करा. पंखा बंद, फोन तोंडापासून एक वीतभर, थोडा बाजूला. सुरुवातीला पुस्तकाचं नाव, प्रकरण, पान सांगा. एका प्रकरणाची एक फाइल. अभिनय नको, घाई नको. ऐकणारे वेग दीडपट-दुप्पट करून ऐकतात, म्हणून उच्चार स्पष्ट असणं सर्वांत महत्त्वाचं. अनोळखी नाव आलं की त्याचं स्पेलिंग सांगून पुढे जा.

बाकीची कामं, थोडक्यात

वर्गापर्यंत सोबत करायची तर हात धरून ओढायचं नाही आणि पाठीमागून ढकलायचं नाही. आपला कोपर पुढे करायचा, अंध व्यक्ती कोपराच्या वर धरते आणि आपण अर्धं पाऊल पुढे चालतो. जिना आला की थांबून 'चढ' किंवा 'उतार' सांगायचं. 'इथे जिना आहे' अर्धवट आहे. खुर्चीजवळ आल्यावर त्या व्यक्तीचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून द्यायचा, बसवायचं नाही. पांढऱ्या काठीला हात लावायचा नाही. चाकखुर्चीलाही विचारल्याशिवाय हात लावू नये. उतारावरून खाली येताना खुर्ची उलटी, पाठीकडून उतरवावी. कॉलेजातला रॅम्प खरंच वापरता येतो का ते मोजपट्टीने बघता येतं: प्रमाण १ला १२. पायरी १५ सेंटीमीटर उंच असेल तर रॅम्प १८० सेंटीमीटर लांब हवा. एका दुपारी चार जणांनी सगळ्या इमारती मोजून प्राचार्यांना आकड्यांसह निवेदन दिलं तर त्याला उत्तर द्यावंच लागतं.

कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी वर्गात नोट्स घ्यायच्या तर त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत द्या, आठवड्याने दिलेल्या नोट्सनी दुसऱ्या दिवशीचा तास कळत नाही. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलले की ओठ दिसत नाहीत, तेवढं त्यांना आधी सांगा. अँड्रॉइडवरचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठी लिहून दाखवतं, पण मराठी-इंग्रजी मिसळलेल्या व्याख्यानात गडबडतं. त्याच्या भरवशावर नोट्स सोडू नका. दोन कार्यशाळा करून सांकेतिक भाषेचे दुभाषे होता येत नाही. तो प्रशिक्षित माणसाचा पेशा आहे, कॉलेजाकडे तो मागायला हवा.

पैसे, तास आणि गोपनीयता

हे काम आहे आणि कामाचा मोबदला मागण्यात काही गैर नाही. पण मागायचा तो कॉलेजाकडे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजनेत तासावर मानधन मिळतं. ग्रंथालयातलं स्कॅनिंग आणि शुद्धीकरण हे त्यात बसणारं काम आहे, तसा प्रस्ताव विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे लेखी द्या. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरायचे असतात. रायटरचे आणि सरावाचे तास त्यात धरायचे की नाही ते कार्यक्रम अधिकाऱ्यांना काम सुरू करण्याआधी विचारा, आणि तारीख, काम, तास, सही अशी वही ठेवा. विद्यार्थी स्वतः पैसे देणार असेल तर आकडा पहिल्या बैठकीत ठरवा. पेपरच्या सकाळी गाडीभाड्याचा विषय काढणं क्रूरपणाचं आहे. त्या क्षणी तो नाही म्हणूच शकत नाही.

पेपर झाल्यावर परीक्षा केंद्राबाहेरचा दोघांचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही. तुमच्यासाठी ती सेवा असेल, त्याच्यासाठी तो अर्थशास्त्राचा पेपर होता. त्याचं प्रमाणपत्र, टक्केवारी, निदान हे अर्ज भरताना तुमच्या हातात येतं. काम झाल्यावर फोनमधून पुसून टाका, ग्रुपवर तर कधीच नको. उत्तरं कशी सांगितली, काय चुकलं, हेही कुणाला सांगायचं नाही.

एक वही मात्र ठेवा, विद्यार्थ्याच्या संमतीने आणि त्याच्याकडेच राहणारी. तिच्यात शब्दांची यादी, ठरवलेल्या खुणा, तो किती शब्दांचे तुकडे सांगतो, वेळ कधी सांगायची, हे लिहा. पुढच्या सत्राला नवा रायटर आला की पहिली बैठक वही वाचून सुरू होते.

आणि ही सगळी सुरुवात जुलैत करायची. प्रवेश झाले की समान संधी कक्षाकडे किंवा ग्रंथपालांकडे जाऊन कॉलेजात दृष्टिबाधित विद्यार्थी किती, कोणत्या वर्गात, कोणते विषय एवढं विचारा. पुस्तकांची यादी त्या विद्यार्थ्यांकडूनच घ्या आणि ज्या पुस्तकावर पहिली चाचणी आहे ते आधी स्कॅनला लावा. ऑगस्टअखेर रायटरांची यादी: दर विद्यार्थ्यामागे दोन नावं, एक ठरलेलं आणि एक राखीव, दोघांच्या वेळापत्रकासह.